वाचकांचे प्रश्न : मॉडेलवरची धूळ, गंज आणि चिखल

गणपती गेले, दिवाळीला अवकाश आहे, अशा मधल्या दिवसांत या पानाकडे येणारी पत्रं बहुतेक वेदरिंगबद्दल, म्हणजे मॉडेल वापरलेलं, मळलेलं दिसावं म्हणून करायच्या कामाबद्दल, असतात. पावसाळाभर अर्धवट राहिलेली मॉडेलं कपाटातून निघतात, रंगकाम पुरं होतं आणि शेवटचा हात म्हणून पिगमेंट पावडरीची बाटली उघडली जाते. यंदाच्या पत्रांत तक्रार बहुतेकांनी पावडरीची केली आहे. दोष मात्र बऱ्याचदा तिच्या खालच्या वार्निशात निघाला. म्हणून पहिलं उत्तर जरा सविस्तर दिलं आहे. पुढच्या उत्तरांत तेच पुन्हा सांगितलेलं नाही.

१:३५ मापाचा (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा) रणगाडा रंगवला. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं-आकडे) बसवण्यासाठी ग्लॉस, म्हणजे चकचकीत वार्निश मारलं, डिकल छान बसले. मग खालच्या भागाला मातकट पावडर लावली. मॉडेल उचललं तर निम्मी पावडर टेबलावर आणि उरलेली बोटांना. महागातला फिक्सर (पावडर पक्की करायचा द्रव) आणला, तरी तेच. — वाचक, डोंबिवली

पावडरीत स्वतःचा चिकटवणारा पदार्थ काहीच नसतो. रंगाच्या बाटलीत रेझिन असतं, ते वाळून रंगाला धरून ठेवतं. पिगमेंट म्हणजे नुसता दळलेला रंगकण. तो टिकतो तो खालच्या पृष्ठभागाच्या खरखरीत बारीक खाचांत अडकून. ग्लॉस वार्निशवर अशा खाचाच नाहीत. काचेवर पीठ टाकून फुंकर मारावी तसं होतं. त्यावर फिक्सर सोडला की कण जागचे सुटतात आणि थेंबाबरोबर वाहून कडेला जमतात.

ग्लॉस मारलात यात चूक नाही, डिकलसाठी तो हवाच. त्याच्यावर मॅटचा, म्हणजे चमक नसलेल्या वार्निशचा, थर द्यायचा राहून गेला. डिकल बसल्यावर २४ तास जाऊ द्या. मग मॅट वार्निशचे दोन पातळ हात मारा, फवाऱ्याचा डबा मॉडेलपासून २० ते २५ सेंटिमीटरवर धरून. दोन हातांमध्ये २० मिनिटं थांबा. त्यानंतर पुन्हा पूर्ण दिवस, आणि हवा दमट असेल तर दोन दिवस, हात लावू नका. वार्निशच्या डब्यात मॅटपणा आणणारी पूड तळाशी बसते, म्हणून डबा निदान दोन मिनिटं हलवायचा. आतली गोळी खडखडायला लागली म्हणजे झालं, असं नाही.

तयारी झाली का, हे रणगाड्याच्या पोटाखाली तपासा. चिमूटभर पावडर ब्रशने टेकवा आणि फुंकर मारा. फिकी छटा मागे राहिली तर पृष्ठभाग तयार आहे. सगळं साफ उडालं तर अजून एक हात.

आता लावण्याची रीत. ब्रश कधीही थेट बाटलीत बुडवू नका. चहाच्या चमच्याचा पाव भाग पावडर बाटलीच्या झाकणात किंवा बशीत काढा. या आकाराच्या रणगाड्याच्या खालच्या निम्म्या भागाला तेवढी पुष्कळ होते. जुना, मऊ, ४ नंबरचा गोल ब्रश घ्या आणि फिरवण्याऐवजी टेकवत चला. फिरवलं की पावडर उंच भागांवरून निघून जाते, धूळ मात्र खऱ्या गाडीवर सांदीकोपऱ्यांत बसते. दोन छटा वापरा, फिकी आधी आणि गडद नंतर, गडद फक्त कोपऱ्यांत. मॉडेल उलटं धरून हलकी टिचकी मारा, जास्तीची पडू द्या.

पक्कं करायला स्वच्छ ब्रश मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवा आणि त्याचं टोक पावडरीच्या कडेला नुसतं टेकवा. द्रव आपोआप आत ओढला जातो. पावडरीवर ब्रश फिरवायचा नाही. वाळायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर रंग काळपट दिसेल, घाबरू नका. टर्पेंटाइनमध्येही गोंद नाही. ते कणांना खाचांत नीट बसवून उडून जातं. कपाटातल्या मॉडेलला एवढं पुरतं. हाताळायच्या मॉडेलला रेझिन असलेला पिगमेंट फिक्सर घ्या, लावायची पद्धत तीच.

एक सूचना. हार्डवेअरच्या दुकानात 'थिनर द्या' म्हणू नका, 'मिनरल टर्पेंटाइन' असं स्पष्ट मागा. थिनर म्हटलं की बहुतेक ठिकाणी एनसी थिनर हातात येतो. तो रंग तर काढतोच, खालचं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकही विरघळवतो. आणि तुमचा मूळ रंग इनॅमल असेल तर टर्पेंटाइनसुद्धा जपून वापरा. इनॅमलचा द्रावक तोच आहे. रंग आठवडाभर वाळलेला हवा आणि वर ॲक्रिलिक मॅटचा थर हवा.

आयसोप्रोपाइल अल्कोहोल फिक्सर म्हणून चालतं असं ऐकलं. मी मेडिकलमधून आणलेलं वापरलं तर पाण्याच्या डागासारखी कड उमटली, आणि एका ठिकाणी खालचा हिरवा रंगही निघाला. — वाचक, ठाणे पश्चिम

अल्कोहोल चालतं, पण सगळ्या रंगांवर नाही. टामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग अल्कोहोलमध्ये विरघळतात. पाण्यात मिसळणारे इतर ॲक्रिलिकही त्याने मऊ पडतात आणि ब्रशचा जरा दाब पडला की सुटतात. ॲक्रिलिकवर टर्पेंटाइन जास्त सुरक्षित, एवढं धरून चाला.

डागाच्या कडेचं कारण वेगळं आहे. मेडिकलमधलं अल्कोहोल बहुधा ७० टक्क्यांचं असतं, उरलेलं पाणी. अल्कोहोल झटकन उडतं, पाणी मागे राहतं आणि वाळताना कणांना थेंबाच्या काठाकडे ढकलतं. टेबलावर सांडलेल्या चहाची कड गडद होते, तोच प्रकार. घ्यायचं तर ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर तर नकोच, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते चिकट राहतं.

उमटलेली कड घालवायची असेल तर ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून कागदावर टिपा, नुसता ओलसर राहू द्या, आणि कडेवरून बाहेरच्या दिशेने हलके थोपटा. पुढच्या वेळी द्रव मध्येच कुठेतरी थांबवू नका. तो पॅनेलच्या रेघेपर्यंत किंवा मॉडेलच्या धारेपर्यंत पोचू द्या. कड उमटलीच तर तिथे, जिथे तशीही रेघ आहे.

मी नववीत आहे. बाहेरची पिगमेंट एक छोटी बाटली तीनचारशे रुपयांना पडते. घरातली हळद, रांगोळी, गेरू, काजळ वापरून चालेल का? — विद्यार्थिनी, लालबाग

गेरू चालेल, आणि उत्तम चालेल. बाकीचं एकेक बघू.

हळद नको. तिचा पिवळा उन्हात फार लवकर उडतो, खिडकीजवळच्या मॉडेलवर तर बघता बघता. कुंकवाचा रंग ओला झाला की फुटतो. शेंदरात शिशाचं संयुग असू शकतं, त्याची धूळ नाकातोंडात जाणं वाईट, म्हणून तो या कामात आणायचाच नाही. रांगोळी शिरगोळ्याच्या दगडाची असते आणि तिचा कण मोठा. तुझं मॉडेल १:७२ चं असेल तर ०.२ मिलिमीटरचा कण तिथे जवळपास साडेचौदा मिलिमीटरचा, म्हणजे खडीएवढा दिसणार. शिवाय रंगीत रांगोळीला रंग वरून चोळलेला असतो, तो द्रवात सुटतो.

काजळातली काजळी रंगाला पक्की आहे, पण तेलकट, आणि जिथे पडेल तिथे पसरते. वापरायचीच तर पाच भाग तपकिरीत एक भाग मिसळ. निव्वळ काळी पावडर फार थोड्या जागी शोभते. धुराड्याचं तोंड, सायलेन्सर, एवढंच.

तुझ्यासाठी सगळ्यांत चांगली वस्तू हार्डवेअरच्या दुकानात आहे : फरशीत घालायचा ऑक्साइड. जुन्या चाळींतल्या लाल कोब्यात हाच असायचा. लाल, पिवळा आणि काळा असे तीन मिळतात आणि तिन्ही लोखंडाचे ऑक्साइड आहेत. महागड्या बाटल्यांतल्या गंजाच्या आणि मातीच्या छटांतही मुख्य रंगकण हेच. उन्हाने उडत नाहीत, कण अतिशय बारीक. शंभर शंभर ग्रॅम आणलेस तर शाळा संपेपर्यंत पुरतील. फक्त रंग फार तीव्र असतो, म्हणून तो पांढऱ्या खडूच्या पुडीत किंवा गाळलेल्या मुलतानी मातीत मिसळून घे. सुरुवात एक भाग लाल, एक भाग पिवळा, चिमूटभर काळा आणि चार भाग मुलतानी अशी कर. कोरड्या मातीचा रंग येतो. खडू घातलेलं मिश्रण ओलं केलं की बरंच गडद दिसतं आणि वाळून फिकं होतं, तेव्हा रंग नेहमी वाळल्यावर ठरव.

गेरू मात्र गाळून घ्यावा लागतो, कारण त्यात वाळू असते. दोन चमचे गेरू ग्लासभर पाण्यात ढवळ. ३० सेकंद थांब. जड वाळू तळाला बसते, रंगीत गढूळ पाणी वर राहतं. ते अलगद दुसऱ्या ग्लासात ओत, तळाचा गाळ टाकून दे. हेच आणखी एकदा कर. मग एक दिवस न हलवता ठेव, वरचं निवळ पाणी काढ, खालचा लगदा स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून उन्हात वाळव. वाळल्यावर चमच्याच्या पाठीने चुरड आणि मलमलीतून चाळ. जिन्यावरची, बागेतली माती वापरायची तर आधी जुन्या तव्यावर १५ मिनिटं चांगली तापव, नाहीतर मुंबईच्या हवेत तिच्यावर बुरशी धरते. चौपाटीची वाळू नको. तिच्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि नंतर पांढरं होऊन वर येतं.

चौथा मार्ग सॉफ्ट पेस्टलचा. खडू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासायचा, झाली पावडर. ऑइल पेस्टल घेऊ नकोस, त्यात मेण असतं.

रंग पक्का आहे की नाही ते असं पाहा : टिपकागदावर चिमूटभर पावडर ठेवून एक थेंब पाणी सोड, दुसऱ्या चिमटीवर एक थेंब टर्पेंटाइन. कागदावर रंगीत वलय पसरलं तर आत डाय (द्रवात विरघळणारा रंग) आहे, ती पावडर बाजूला ठेव. नितळ ओलं वर्तुळ पसरलं आणि रंग मध्येच राहिला तर कामाची.

आणि हे सगळं दळताना, चाळताना तोंडावर एन-९५ मास्क हवाच. पंखा बंद. काम झाल्यावर टेबल ओल्या फडक्याने पुसायचं, झाडायचं नाही. टर्पेंटाइन आणि अल्कोहोल पेट घेतात, तेव्हा देवघरातली समई किंवा गॅस चालू असलेल्या खोलीत बाटली उघडायची नाही. द्रव घेताना मोठं कुणीतरी जवळ असू दे.

बेस्टची लाल डबलडेकर, १:७६, डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची). सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेल डबलडेकर बंद झाल्या, त्यांची आठवण म्हणून घेतली. ती नवी कोरी न दिसता रोज धावणारी दिसावी. पूर्ण बसवर मॅट मारून पावडर लावू का? — वाचक, शिवडी

पूर्ण बसवर मॅट मारू नका. रोज धावणारी बस धुतलीही जाते. तिचा लाल रंग थोडा मंद होतो, पण चकाकी पूर्ण जात नाही. सगळीकडे मॅट मारलं की ती बस न दिसता मातीचं खेळणं दिसेल.

बाजूचा वरचा भाग सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीच्या, वार्निशचा ठेवा. मॅट फक्त तीन जागी : चाकांच्या कमानींपासून खालचा पट्टा, मागची सपाट बाजू आणि छत. खिडक्यांच्या काचा निघत असतील तर काढा, नसतील तर मास्किंग टेपने झाका. काचेच्या आतल्या कडेत गेलेली पावडर नंतर निघत नाही.

मग प्रत्येक जागी घाण कुठून आली असेल ते ठरवूनच हात चालवा. चाकं चिखल मागे आणि वर फेकतात, म्हणून कमानीच्या मागच्या बाजूला पावडर जास्त, पुढे कमी. बसची मागची बाजू सगळ्यांत मळकी असते. सपाट पाठीमागे हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि रस्त्यावरची धूळ तिथे ओढली जाते. धुतल्यावर मोठे पत्रे स्वच्छ होतात, मळ राहतो तो रिव्हेटांभोवती, पट्ट्यांच्या खाली आणि दाराच्या बिजागरीत. तिथे बारीक ००० नंबरच्या ब्रशने गडद तपकिरी. छतावर राखाडी धूळ आणि पन्हाळीतून खाली आलेले एकदोन ओघळ, तेही बोटभर लांब नकोत. या मापात तीन-चार मिलिमीटर पुरे.

रंग ठरवताना शहर लक्षात घ्या. मुंबईच्या रस्त्यांची धूळ सिमेंट आणि डांबराची, करडी. दोन भाग काँक्रीटसारखा करडा, एक भाग अंबर (मातकट तपकिरी रंग), पिवळ्या मातीची चिमूट. लाल माती लावलीत तर बस कोकणात गेलेली दिसेल. मागच्या दाराच्या पायरीची मधली जागा आणि धरायचे दांडे पावडरीने मळवू नका. तिथे रोज पाय आणि हात घासतात. ६बी पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून बोटाच्या टोकाने तिथे चोळा, धातूची झिजलेली चमक येते.

वायपरने पुसलेली जागा दाखवायची असेल तर त्या कमानीच्या आकाराचा कागद कापून काचेवर ठेवा आणि भोवती अगदी थोडी धूळ टेकवा. हे झेपेल तरच करा, बिघडलं की आधी डोळे तिकडेच जातात.

चाळीच्या डायोरामात (छोट्या मापातल्या देखाव्यात) पत्र्याचं छप्पर आहे. गंज लावला तर सगळं छप्पर एकसारखं केशरी झालं. — वाचक, वरळी

केशरी म्हणजे अगदी ताजा गंज, तो सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत थोडा. जस्त चढवलेला पत्रा मधोमध सहसा गंजत नाही. आधी गंजतात कापलेल्या कडा, खिळ्यांची भोकं आणि एकावर एक पत्रा चढतो त्या जागा, कारण तिथे जस्ताचा थर तुटलेला किंवा पाणी साचलेलं असतं. समुद्राजवळ हे लवकर होतं.

मूळ रंग फिका करडा, मॅट. कडा आणि भोकांवर गडद तपकिरी, म्हणजे जळका अंबर. त्याच्या आत थोडं सरकून लालसर तपकिरी. नंतर त्या लालसर भागाच्या मध्यावर, फक्त टोकाने, केशरी. तिन्हींचं प्रमाण साधारण पाच, तीन, एक. प्रत्येक थर टर्पेंटाइनने बसवून वाळू द्या, नाहीतर तिन्ही मिसळून पुन्हा एकच रंग होतो. तुमच्या छपरावर बहुधा हेच झालं आहे.

ओघळ नेहमी पन्हाळीच्या खोलगट भागातून खाली येतात, उंचवट्यावरून नाही. खिळे मात्र उंचवट्यावर मारतात. म्हणजे गंज खिळ्यापाशी सुरू होऊन बाजूच्या खोलात उतरतो आणि मग खाली वाहतो. ही वळणं दिसली की छप्पर खरं वाटायला लागतं. ओलसर ब्रशने खालच्या दिशेने एकदाच ओढा, हात उचला.

भिंतीवर छज्जाच्या खाली आणि पाइपाच्या सांध्याला काळपट हिरवी शेवाळाची छटा द्या. तिथे काळ्या पावडरीत हिरवी मिसळा, हिरव्यात काळी नको. ताडपत्री असेल तर तिच्यावर फक्त घड्यांत धूळ.

जुलैत मॅट वार्निश मारलं आणि सगळं मॉडेल पांढुरकं झालं. पावडरही झाकली गेली. वाचवता येईल का? — वाचक, बोरिवली

बहुतेक वेळा येतं. आधी कोणता पांढरेपणा आहे ते ओळखा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरावर साचून आत अडकतं. तो पांढरेपणा दुधासारखा, ढगाळ असतो. बोट फिरवल्यावर पिठासारखं खरखरीत लागत असेल तर डबा फार लांब धरला होता. वार्निश हवेतच वाळून पूड होऊन पडलं.

दोन्हींवर पहिला उपाय म्हणजे थांबणं. एसी ड्राय मोडवर ठेवून मॉडेल त्या खोलीत एक दिवस राहू द्या, कधी कधी ढगाळपणा आपणहून उतरतो. नाही उतरला तर ग्लॉस किंवा सॅटिनचा एक पातळ हात कोरड्या हवेत मारा. नव्या हातातल्या द्रावकाने जुना थर पुन्हा मऊ पडून पारदर्शक होतो. मग पूर्ण वाळल्यावर मॅट. पिठासारखा थर मात्र मऊ ब्रशने झटकून, मगच ग्लॉस.

पावडर झाकली गेली असं तुम्ही म्हणता, त्यात थोडी आणखी एक गोष्ट आहे. कोरड्या कणांमध्ये हवा असते, प्रकाश विखुरतो, म्हणून पावडर फिकी दिसते. वार्निशने त्या फटी भरल्या की ती गडद होते आणि फिक्या धुळीची छटा जवळजवळ नाहीशी होते. हवा कितीही कोरडी असली तरी हे होणारच. म्हणून धूळ दाखवणाऱ्या शेवटच्या थरावर वार्निश मारू नये, हे आमचं ठाम मत. मारणं भागच असेल तर धूळ दोन छटा फिकी आणि जरा जास्त लावा.

पावसाळ्यात वार्निश मारायचंच असेल तर घरात साधा आर्द्रतामापक ठेवा. ६५ टक्क्यांच्या खाली काटा येईपर्यंत एसी चालू ठेवायचा. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर फवारा बारीक येतो. पाणी हाताला सहज सोसेल इतकंच गरम. उकळतं पाणी किंवा ज्योत कधीही नाही, डबा फुटतो. एअरब्रश असेल तर पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक मॅट वापरा, ते या कारणाने सहसा पांढरं होत नाही.

मी रेल्वेतून निवृत्त. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेलेली पहिली विजेची लोकल नातवासाठी एचओ मापात (१:८७) बनवतो आहे. रुळांवर चालणारं मॉडेल आहे. गंज आणि धूळ किती दाखवावी? — ज्येष्ठ वाचक, कल्याण

त्या दिवसाची गाडी दाखवायची असेल तर गंज अजिबात नको. ती नव्या गाडीची पहिली फेरी. चाकांच्या आसपास आणि बोगीच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीच्या) खालच्या कडेला धुळीची पुसटशी छटा, एवढंच आपण द्यावं. त्याच गाडीची काही वर्षं धावल्यानंतरची अवस्था दाखवायची असेल तर बोगी आणि खालची चौकट ब्रेकच्या लोखंडी चुऱ्याने तपकिरी झालेली, आणि पँटोग्राफच्या भोवतीचं छत काळपट तपकिरी. बाजू बऱ्यापैकी स्वच्छ.

चालणाऱ्या मॉडेलबाबत दोन गोष्टी आपल्या अनुभवाला पटतील. काळा लोह ऑक्साइड चुंबकाकडे ओढला जातो. तो मोटरच्या आसपास वापरला तर कण आत जाऊन मोटरच्या चुंबकाला चिकटतात. तिथे जळका अंबर वापरावा. दुसरं, चाकाची रुळाला टेकणारी धार आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या आधी टेपने झाकाव्यात. पावडरीचा पातळ थरही संपर्क तोडतो आणि गाडी धक्के खात चालते. शक्य असल्यास बोगी काढून, वेगळी मळवून, दुसऱ्या दिवशी बसवावी. आणि पावडर चाळलेलीच घ्यावी. १:८७ मध्ये ०.१ मिलिमीटरचा कण जवळपास ९ मिलिमीटरचा होतो.

मुलांच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे फार चकचकीत असतात. त्यांना किल्ल्यावर वावरल्यासारखं करायचं आहे. तोफगाड्याच्या चाकांना चिखलही हवा. — वाचक, गिरगाव

बाजारातल्या मावळ्यांना बहुधा चकचकीत रंग असतो. आधी मॅटचा एक हात, मग पावडर पायांना, धोतराच्या किंवा सुरवारीच्या खालच्या घेराला आणि ढालीच्या कडेला. चेहऱ्याला, पागोट्याला नको. रंग किल्ल्याप्रमाणे घ्या. रायगड-राजगड केलात तर दगड काळा बसाल्ट, माती तपकिरी. रत्नागिरीकडचा केलात तर जांभ्याची लाल माती. रंग उडालेल्या जागी माती उघडी पडली असेल तर ती जागा आधी प्रायमरने बंद करा. उघडी माती पावडर आणि द्रव दोन्ही शोषून घेते आणि काळा डाग कायमचा राहतो.

किल्ल्यावर तुम्ही अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडणार. त्यामुळे मावळ्यांच्या बाबतीत वरचा नियम मोडा : टर्पेंटाइनने बसवलेल्या पावडरीवर शेवटी मॅटचा एक हात द्याच. रंग थोडा गडद होईल, पण पाण्याने ओघळणार नाही.

चिखलासाठी दोन भाग पावडर, एक भाग प्लास्टर ऑफ पॅरिस, अर्धा भाग चाळलेली बारीक वाळू, आणि भिजवायला ॲक्रिलिक मॅट मिडियम (रंग नसलेला ॲक्रिलिक द्रव). ढेकळांना श्रीखंडाइतकं घट्ट, शिंतोड्यांना ताकाइतकं पातळ. फेव्हिकॉल नको. तो वाळल्यावर चमकतो आणि पाणी लागलं की पुन्हा पांढरा, मऊ होतो. प्लास्टर लवकर धरतं, म्हणून एका वेळी चमचाभरच कालवा. वाळल्यावर रंग फिका पडतो, कालवताना एक छटा गडद ठेवा. घट्ट चिखल आधी चाकाच्या आऱ्यांच्या मुळाशी, २ मिलिमीटरपेक्षा जाड नाही, नाहीतर आकसून तडे जातात. तो वाळल्यावर शिंतोडे : जुना टूथब्रश पातळ मिश्रणात बुडवून बोटाने केस मागे ओढा, मॉडेलपासून १० सेंटिमीटरवरून, आधी कागदावर दोनदा करून बघा. ओला चिखल हवा असेल तर सगळ्यात शेवटी, अगदी खालच्या जागी, गडद पावडर घातलेलं ग्लॉस वार्निश. कोरड्या चिखलाच्या वर ओला चिखल सहसा नसतो, तो खाली असतो.

लावलेली पावडर आवडली नाही तर काढता येते का? — वाचक, पनवेल

फिक्सर लावायच्या आधी, हो, जवळपास पूर्ण. कोरड्या मऊ ब्रशने झटका, मग कणकेसारख्या मळता येणाऱ्या मऊ खोडरबराचा गोळा टेकवून उचला, शेवटी भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकलेल्या पाण्याने ओला कापूस. टर्पेंटाइनने बसवलेली असेल तर तेच पुन्हा सोडा, एक मिनिट थांबा आणि कानकोरण्याच्या कापसाने टिपून घ्या, घासू नका. मॅट पृष्ठभागात छटा थोडी राहतेच, लाल आणि केशरी सगळ्यांत जास्त. म्हणून या दोन रंगांना हात सर्वांत शेवटी घाला. रेझिनच्या फिक्सरने पक्की केलेली किंवा वर वार्निश मारलेली पावडर निघत नाही. तिच्यावर पुन्हा मॅट मारून नवी छटा चढवावी लागते.

उरलेली पावडर परत बाटलीत ओतताना आधी झाकणाचे आटे कोरड्या ब्रशने साफ करा. आट्यांत कण अडकले की झाकण पुरतं बसत नाही, आणि पहिल्या पावसातच आतली पावडर गोळे धरते.